मावशीच्या नावाचा अंगठा

मामानं मला शाळेत घातलं, हे आधी सांगायला हवं. ते सांगितलं नाही तर पुढचं सगळं अर्धवट होईल.

वडील गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. आई मला कडेवर घेऊन तुर्भ्याला माहेरी आली ती परत सासरी गेली नाही. आजोबा तेव्हा होते. भाताची शेती, हंगामात मिठागरावरचं काम, गावाच्या कडेला घर आणि घराला लागून रस्त्यापर्यंत गेलेली वाडी. वाडीत दोन चिंचा, एक आंबा, शेवगा, आणि पावसाळ्यात काकडी-दोडक्याचे वेल. आई शेतात राबायची, मिठागरावर जायची, घरी येऊन सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची. आमच्या गल्लीतल्या मुली आठ-नऊ वर्षांच्या झाल्या की आयांच्या मागोमाग मिठागरावर जात. मीही गेले असते. पण एका सकाळी मामानं मला सायकलच्या दांड्यावर बसवलं, शाळेत नेलं आणि मास्तरांना सांगितलं, "पोरगी हुशार हाय. हिला शिकवा. काय लागंल ते मी बघतो."

त्यानं खरंच बघितलं. पाटी, पुस्तकं, पुढे हायस्कूलचा गणवेश, पावसाळी चपला. तो स्वतः तिसरीपर्यंत शिकलेला. सही करायचा ती एकेक अक्षर रेखून. मी मॅट्रिक झाले त्या दिवशी त्यानं पेढे वाटले, आणि ज्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं अशा माणसांना थांबवून सांगितलं की आमची भाची पास झाली. मला वडील आठवत नाहीत. वडील म्हणून जी काय कल्पना माझ्या मनात होती तिला मामाचाच चेहरा होता.

आजोबा गेल्यावर तलाठ्यानं तिघांची नावं लावली: मामा, आई आणि तळोज्याच्या बाजूला दिलेली माझी धाकटी मावशी. आईला तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. मामा म्हणाला होता, "बापाच्या मागं आमी तिघं हाव. नावं लागली ती बरी झाली." त्यानंतर थोड्याच वर्षांत भातजमिनी नव्या शहरासाठी सरकारनं घेतल्या. गावातल्या प्रत्येक घरात तेव्हा कागद आले. ज्या माणसांनी जन्मात कधी टाक हातात धरला नव्हता ती नोटिसा घेऊन शिकलेलं कोणी भेटतंय का ते शोधत फिरत. आमच्या घरी शिकलेली मी होते. दुपारभर ओटीवर बसून मी लोकांना त्यांच्या नोटिसा वाचून दाखवत असे. आमच्या स्वतःच्या घरचे कागद मात्र मामा बघायचा. ते त्याचं काम, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी नुकतीच कारकून म्हणून लागले होते. तेव्हा एका शनिवारी मामा म्हणाला, "बायला घेऊन ठान्याला जायचा हाय. भरपाईच्या कागदावर अंगठा लागतोय. तू पन चल साक्षीला. शिकलेला मानूस बरा असतो."

बाय म्हणजे आई. मामा तिला बाय म्हणायचा, ती त्याला दादा.

आम्ही टेम्पोनं गेलो. मामा पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि आई मागे. मागे आणखी एक बाई बसली होती, डोक्यावरचा पदर पार कपाळाखाली ओढलेला. मी मामाला विचारलं तर म्हणाला, "मामीच्या नात्यातली हाय. ठान्याला दवाखान्यात जायचाय तिला." बाई वाटेत एक शब्द बोलली नाही. आजारी असेल म्हणून मीही तिला बोलायला लावलं नाही. आईनं तिला आपल्या पिशवीतलं पाणी दिलं, ते तिनं प्यायलं.

निबंधकाच्या कचेरीत खूप गर्दी होती. बाकावर जागा नव्हती. मामा आत-बाहेर करत होता, एका दस्तलेखकाशी बोलत होता. मग त्यानं आम्हाला हाक मारली. टेबलावर जाड कागद होते. मी वरच्या दोन ओळी वाचल्या असतील, "लिहून घेणार" आणि "लिहून देणार" एवढंच आठवतं. पुढच्या मजकुरावर मामाचा पंजा होता. तो म्हणाला, "किती वाचशील? साहेब जेवायला उठतील. हितं कर, न हितं." मी दोन ठिकाणी सही केली.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "यांना ओळखता?"

मी आईच्या दंडाला हात लावला. "माझी आई आहे."

आईनं शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, मग एका मोठ्या वहीत टेकवला. तिला घाम आला होता. मी तिला घेऊन बाहेर पायऱ्यांवर आले. मामा आणखी थोडा वेळ आत होता. तो आला तेव्हा ती पदरवाली बाई त्याच्यामागून आली आणि दवाखान्याकडे म्हणून निघून गेली. मामानं आम्हाला हॉटेलात बटाटेवडे खायला घातले. आईला हॉटेलात बसायची सवय नव्हती, ती लाजून हसत होती. तिला इतकं मोकळं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं, म्हणून तो दिवस चांगला दिवस म्हणूनच माझ्या आठवणीत राहिला. कितीतरी वर्षं.

मग माझं लग्न झालं. नवरा मूळ सातारकडचा, सरकारी नोकरीतला, शांत. आम्हाला वाशीला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. कन्यादानाला मामा-मामीच बसले. माझा हात नवऱ्याच्या हातात दिल्यावर मामानं उपरण्यानं डोळे पुसले, आणि ते नाटक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

आई तुर्भ्यालाच राहिली. जावयाच्या घरी राहणं तिला पटत नव्हतं. शिवाय ते तिच्या बापाचं घर होतं.

तोवर तुर्भ्याचं रूप बदललं होतं. कारखाने वाढले होते, डोंगराच्या बाजूनं दगडाच्या खाणी, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रकच ट्रक. ट्रक उभे करायला जागा पाहिजे होती आणि आमची वाडी नेमकी रस्त्याला टेकलेली. मामानं चिंचा तोडल्या, आंबा तोडला, सपाटीकरण करून वाडी एका ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्यानं दिली. आईनं त्याला विरोध केला नाही. फक्त एकदा जेवताना म्हणाली, "दादा, मागच्या कोपऱ्यात मना एक खोली बांधून दे. म्हातारपनी कोनाच्या पायात नको."

मामा जेवत राहिला. मामी बोलली. "तुमचा हितं काय हाय आता? तुमी तवाच लिहून दिलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कापडी पिशवी घेऊन माझ्या दारात उभी होती. बसनं एकटी आली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मी काय लिहून दिलाय गं? मना तर लिहिता येत नाय."

मला वाटलं, मामी रागात काहीतरी बोलली असेल. तरी रजा टाकून तलाठ्याकडे गेले. त्यानं फेरफाराची वही काढली, बोट फिरवत आला आणि एका नोंदीवर थांबला. दोन बहिणींनी भावाच्या लाभात हक्कसोड पत्र करून दिल्यानं त्यांची नावं कमी केली, अशी नोंद होती. घर आणि वाडी, दोन्हींवरून. तारीख वाचली आणि टेम्पोतला तो शनिवार आठवला. तलाठी म्हणाला, "नोटीस गेली होती की तुमच्याकडे. घरी मिळाल्याची सही आहे." सही मामाची होती.

ठाण्याला नकलेसाठी अर्ज केला. नक्कल हातात आली तेव्हा कचेरीच्या बाहेर एका वडाच्या पारावर बसून मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आम्ही दोघी बहिणी खुशीनं, कोणाच्या दडपणाला बळी न पडता, भावानं आमची लग्नं व बाळंतपणं केली म्हणून, आमचा हिस्सा कायमचा सोडत आहोत. आमचा व आमच्या वारसांचा काही संबंध उरला नाही. खाली आईचा अंगठा. त्याच्या खाली मावशीचा अंगठा. आणि त्याखाली, लिहून देणार दोघींनाही मी व्यक्तिशः ओळखते, असं म्हणणारी साक्षीदार. तिथे माझं नाव होतं.

गावातल्या निम्म्या लोकांचे कागद मी वाचून दिले होते. त्यातल्या काहींना मी सांगितलंही होतं, थांबा, यावर अंगठा देऊ नका, आधी विचारून या. आणि माझ्या आईचं घर ज्या कागदानं गेलं त्यावर मी दोन ओळींच्या पुढे गेले नव्हते.

थेट तुर्भ्याला गेले. मामा वाडीतच होता, एका ट्रकला मागे घेताना हात दाखवत होता. मी नक्कल त्याच्यासमोर धरली.

"मामा, हे काय आहे?"

त्यानं कागदाकडे पाहिलंच नाही. "कायद्यानं जालेला हाय. तुझीच सही हाय ना त्याच्यावर?"

"तुम्ही भरपाईचा कागद म्हणाला होता."

"भरपाईचे पन होते. सगले एकदम होते."

"आईला का नाही सांगितलं?"

"तिला काय समजतं?" तो म्हणाला आणि ट्रककडे वळला. "ये, ये, ये. सीधा ले."

त्या क्षणापर्यंत मला कुठेतरी आशा होती की तो खाली मान घालेल. चुकलं म्हणेल. तसं म्हणाला असता तर मी आईची समजूत घातली असती, हेही मला ठाऊक आहे.

आईला घेऊन मी मावशीकडे गेले. तळोज्याच्या कारखान्यांच्या मागे तिचं गाव. मावशी अंगणात सुकट वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं, तर ती गोंधळून आपल्याच अंगठ्याकडे बघायला लागली.

"मी ठान्याला कवा गेले? मी ठाना पाह्यलाच नाय."

मी तारीख सांगितली. तिला तारखेचं काही कळलं नाही. मग कोणता महिना, कोणता सण जवळ होता, ते सांगितलं. तिनं आत हाक मारून आपल्या धाकट्या मुलीला बाहेर बोलावलं. "ही तवाची हाय. हिचा पाचवा दिवस असंल. मी खाटेवर होते. ताय, तूच आलीस ना बारशाला?"

आई म्हणाली, "आले होते."

तेव्हा मला टेम्पोतली ती बाई आठवली. कपाळाखाली ओढलेला पदर, आईच्या हातून पाणी घेताना पुढे आलेला हात. मी उठून अंगणाच्या कडेला गेले आणि उभी राहिले. मामानं आईला फसवलं हे मी एव्हाना कसंबसं गिळलं होतं. पण त्यानं एक बाई आणली होती. तिला आमच्याबरोबर बसवून नेलं होतं. ते आधी ठरवलं होतं, आणि त्या सगळ्यात माझी जागाही ठरवली होती.

ठाण्याला एक वयस्क वकील गाठले. त्यांनी नक्कल दोनदा वाचली, चष्मा काढला आणि मलाच प्रश्न विचारायला लागले. आई नि मावशी बाजूला बसल्या होत्या.

"तुम्ही शिकलेल्या आहात?"

"मॅट्रिक."

"नोकरी?"

"कारकून."

"म्हणजे कागदाचंच काम. आणि न वाचता सही केली."

"हो."

"बाई, एक ध्यानात घ्या. तुमच्या मावशी तिथे नव्हत्या, हे सिद्ध करायचं तर तुम्ही खोटी ओळख दिली, हेही त्याबरोबर सिद्ध होतं. समोरचा वकील तुम्हाला सोडणार नाही. तुमच्यावरही येऊ शकतं. नोकरी आहे, घरी विचारून या."

घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तू केलंयस ते तू सांगायचं. दुसरं काय?" एवढंच. दुसऱ्या दिवशी वकिलांना सांगितलं, दावा लावा.

मामाची कैफियत, म्हणजे दाव्याला त्याचं लेखी उत्तर, काही महिन्यांनी आली. वकिलांनी मला ती कचेरीत वाचायला दिली. दोन्ही बहिणींनी राजीखुशीनं हक्क सोडला, हे अपेक्षितच होतं. पुढे एक वाक्य होतं: सदर दस्त लिहून देणार यांना त्यांच्या भाचीनं व मुलीनं, म्हणजे मी, स्वतः मोठ्यानं वाचून व समजावून सांगितला.

त्या दिवशी आई माझ्याबरोबर आली होती. वकिलांनी तिला समजावं म्हणून ते वाक्य साध्या भाषेत सांगितलं. घरी आल्यावर मी चहा ठेवला, तर ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"खरा सांग मना. तू वाचला होतास?"

"आय, तू तिथंच होतीस ना?"

"मी होते. पन मना काय समजत होता तिथं? तुमी दोघं बोलत होतात. तू काय बोललीस न काय नाय."

"मी वाचला नव्हता. वाचला असता तर तुला सांगितलं नसतं का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चहा उतू गेला, मी गॅस बंद केला. ती म्हणाली, "बरा," आणि बाहेर जाऊन बसली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, असं मी धरून चालले. पण ते बघणं मी विसरू शकले नाही. मामानं घर घेतलं, वाडी घेतली, त्याचं मला जितकं लागलं नाही तितकं या एका वाक्याचं लागलं. आईच्या नि माझ्या मध्ये तोवर काहीही नव्हतं. तिथे त्यानं वकिलाकडून चार शब्द लिहवून घेतले आणि ते तिथे जाऊन बसले.

तारखा पडत राहिल्या. आई, मावशी आणि मी, प्रत्येक तारखेला ठाण्याला. मावशी बरोबर भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी आणायची. कोर्टाच्या आवारात आम्ही तिघी एका बाजूला आणि मामा त्याच्या दोन मुलांबरोबर दुसऱ्या बाजूला, असं बसायचो. ही दोन्ही मुलं माझ्या कडेवर वाढली होती. ती मान वळवून बसत.

माझी उलटतपासणी एक पूर्ण सकाळ चालली. मामाच्या वकिलानं माझी मॅट्रिकची गुणपत्रिकासुद्धा आणवली होती. मराठीत मला चांगले गुण होते.

"हे वाचायला तुम्हाला किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

"मग का नाही वाचलंत?"

"मामांनी सांगितलं म्हणून."

"मामांनी सांगितलं म्हणून तुम्ही काहीही सही करता?"

"हो. तेव्हा करत होते."

"म्हणजे निबंधकासमोर तुम्ही खोटं बोललात?"

"मी आईला ओळखते असं म्हणाले. दुसऱ्या बाईबद्दल मला कोणी विचारलं नाही. पण कागदावर दोघींना ओळखते असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. ती चूक माझी."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मी मामाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

त्यानंतर कोर्टानं मावशीचे ठसे घेऊन निबंधकाच्या वहीतल्या ठशाबरोबर तपासायला पाठवले. अहवाल यायला फार दिवस गेले. तो आला त्या दिवशी वकील पहिल्यांदाच थोडे हसले. वहीतला अंगठा मावशीचा नव्हता. कोणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. मामानं सांगितलं नाही, आणि मामीच्या माहेरी विचारायला कोण जाणार?

त्याच दिवशी व्हरांड्यात मामा मला एकटा सापडला. पाण्याच्या माठाशी उभा होता. केस पांढरे झाले होते. दावा लावल्यापासून मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले.

"मामा, आम्ही मागितलं असतं का काही? तुम्ही आईला नुसतं म्हणाला असता तरी तिनं दिलं असतं."

तो पाणी प्यायला. पेला उपडा ठेवला.

"तुला शिकवली कोनी?" त्यानं विचारलं.

"तुम्ही."

"तुझ्या आयला कोनी पोसली? तुझा लगीन कोनी लावला? बापाचा सगला मी एकट्यानं वढला. हिस्सा तेवढा तिघांचा?"

"मग तसं सांगायचं होतं. बाई कशाला उभी केली?"

तो म्हणाला, "तू शिकून हेच शिकलीस," आणि मुलांकडे निघून गेला.

मला त्याचं म्हणणं अगदीच खोटं वाटलं नाही. म्हणूनच ते जास्त लागलं. सायकलच्या दांड्यावर बसवून नेतानाच तो मनात हिशेब मांडत होता, असं मला वाटत नाही. पण केव्हातरी त्यानं तो मांडला होता आणि आमच्याकडून वसूलही केला होता, आम्हाला पत्ता लागू न देता.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वकिलांनी तो आम्हाला समजावून सांगितला: ज्या दस्तात एक बाई खोटी उभी केली, त्यातल्या दुसऱ्या बाईला सगळं नीट समजावलं होतं यावर कोर्टाचा विश्वास बसला नाही. हक्कसोड पत्र दोघींवर बंधनकारक नाही, तिघांचे हिस्से सारखे करून द्यावेत. मामानं अपील केलं नाही. फौजदारी लागेल ही भीती त्याला त्याच्या वकिलानं घातली असावी. आम्ही ती लावणार नव्हतो, आईनं पहिल्याच दिवशी नको म्हणून सांगितलं होतं. मामाला ते माहीत नव्हतं.

आईनं त्या दिवशी मावशीचा हात धरला आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरेपर्यंत सोडला नाही.

मोजणीची तारीख लागायच्या आधी मावशी वाशीला आली, बरोबर तिचा मोठा मुलगा. आई तेव्हा माझ्याकडेच राहत होती. मावशी जेवली, माझ्या मुलीचे केस विंचरून दिले आणि उठायच्या वेळेला म्हणाली, "ताय, मी माझा दादाला सोडला."

"काय सोडलास?"

"हिस्सा. काल जाऊन आले ठान्याला. खरा अंगठा दिला."

मी विचारलं, "का मावशी? इतकी वर्षं कोर्टात येत होतीस ती कशाला?"

"माझ्या नावानं दुसऱ्या बायनं अंगठा दिला, त्याचा मना राग होता. तो गेला." मावशी मुलाकडे बघून म्हणाली, "न ह्याला न ह्याच्या भावाला दादाकडंच काम हाय ट्रकवर. दादा घरी आला होता. रडला."

"तुझ्याकडे आला?" आईनं विचारलं. "माझ्याकडं नाय आला."

मुलगा म्हणाला, "आई, बस चुकेल." मावशी उठली, तिनं माझ्या आईच्या पायाला हात लावला. आईनं आशीर्वाद दिला. पण ती गेल्यावर आई म्हणाली, "मना विचारला पन नाय." पुष्कळ दिवस ती मधूनच एवढंच म्हणायची. भाजी निवडता निवडता, कपडे घड्या घालता घालता. भावानं विचारलं नव्हतं, ते तिनं कोर्टात सांगितलं. बहिणीचं सांगायला कुठे कोर्ट नव्हतं.

मोजणीला आम्ही गेलो. भूमापकानं खुणा केल्या. आईच्या वाट्याला वाडीच्या मागच्या बाजूचा एक लांबट तुकडा आला, आधी तिनं मागितलेली जागा धरून. मामा बाजूला उभा होता. भूमापकानं सहीसाठी कागद पुढे केला तेव्हा आईनं तो माझ्याकडे दिला. मी उभ्याउभ्या सगळा मोठ्यानं वाचला, मामाच्या आणि त्याच्या मुलांच्या देखत. फार वेळ लागला नाही. मग आईनं अंगठा दिला. मामा तिला म्हणाला, "बाय, जेवून जा." आई म्हणाली, "डबा आनलाय."

तिथे दोन खोल्या बांधल्या. एक भाड्यानं दिली, दिघ्याकडून आलेल्या एका कारखाना-कामगाराच्या कुटुंबाला. दुसऱ्या खोलीत आई राहायला गेली. मी खूप समजावलं, इथं ट्रकचा धूर, तिथं फ्लॅटमध्ये सगळं आहे. तिनं ऐकलं नाही. गवंड्यानं खिडकी मामाच्या अंगणाकडे धरली होती, वारा तिकडून येतो म्हणून. आईनं ती बुजवून रस्त्याकडे काढायला लावली.

"आजी, धूळ येईल तिकडून," गवंडी म्हणाला.

"येऊ दे."

धूळ खूप यायची. मी रविवारी जायचे तेव्हा ती फडकं घेऊन खिडकीचे गज पुसत असायची, आणि भाडेकरणीच्या सासूशी गप्पा मारत असायची. दारातून पलीकडच्या अंगणात मामा खाटेवर बसलेला दिसायचा. मी त्याच्याकडे बघून मान हलवायचे, तोही हलवायचा. आईनं कधी वर पाहिलं नाही.